अल्बमआधीच्या गप्पा किती खऱ्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्बम यायच्या आधी संगीतकार मुलाखतीत जे सांगतात, त्यावर विश्वास ठेवावा का?

निम्म्यावर ठेवावा. निम्मं कुठलं, हे ओळखायला शाळेतलं व्याकरण पुरतं: नामं ठेवायची, विशेषणं गाळायची. रेकॉर्डिंग कुठे झालं, ड्रम्स कोणी वाजवले, कुठलं वाद्य मुद्दाम वापरलं नाही, ही माहिती बहुतेक वेळा बरोबर निघते. ‘आजवरचं सगळ्यात प्रामाणिक काम’ किंवा ‘आमचा सगळ्यात जड अल्बम’ यातून मात्र काहीच हाती लागत नाही. बोलणारा खोटारडा असतो असं अजिबात नाही. सकाळपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाला आमटीचा वास येईनासा होतो, तशातली गत. दोन वर्षं तीच बारा गाणी ऐकलेल्याला ती जगाला कशी ऐकू येतील, हे तो कुठून सांगणार?

वर्णन अगदी तंतोतंत खरं निघालं, असं एखादं उदाहरण आहे का?

डाफ्ट पंकचा २०१३चा ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’. सगळी कारकीर्द यंत्रांवर उभी केलेल्या या फ्रेंच जोडीने अल्बमआधी सांगितलं, की या वेळी माणसं वाजवणार. त्यासाठी त्यांनी छोट्या व्हिडिओंची मालिकाच काढली. त्यात नाइल रॉजर्स, जॉर्जिओ मोरोडर वगैरे मंडळी स्टुडिओत काय घडलं ते स्वतः सांगत होती. अल्बम आला आणि खरोखरच ओमर हकीम, जॉन रॉबिन्सन यांच्यासारखे हाडाचे ड्रमर ऐकू आले. ड्रम मशीन शोधायला शेवटाकडच्या एका गाण्यापर्यंत जावं लागतं. पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, पण तो वेगळा विषय.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ‘सैराट’. २०१६ साली चित्रपट येण्याआधी अजय-अतुल यांनी सांगितलं होतं, की ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन रेकॉर्ड केला आहे. ‘याड लागलं’मधली व्हायोलिनं ऐकताना त्याची शंका येत नाही. अमुक ठिकाणी, अमुक वादकांकडून, असं सांगणारा माणूस पकडला जाऊ शकतो, म्हणून तो जपून बोलतो. ‘मनापासून केलंय’ म्हणणाऱ्याला कोण पकडणार?

‘या अल्बमवर अमुक गोष्ट नाही’ अशा घोषणा तर आणखी पक्क्या असतील ना?

असायला हव्यात. पण इथेच सगळ्यात मोठ्या बँडचा पाय घसरला.

जानेवारी १९६९. बीटल्सनी ठरवलं, की स्टुडिओतली कारागिरी पुरे. पुन्हा चौघांनी एका खोलीत बसायचं, वाजवायचं, जे होईल ते टेपवर. वरून नंतर काही चढवायचं नाही. एप्रिलमध्ये ‘गेट बॅक’ ही सिंगल आली, तेव्हा वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीत साधारण ‘निसर्गाने घडवले तसे बीटल्स’ अशा अर्थाची ओळ होती. या इलेक्ट्रॉनिक युगात शक्य तितकी जिवंत तबकडी, असंही खाली म्हटलं होतं. त्या सिंगलपुरतं ते मान्य करू.

अल्बमचं काय झालं? ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सने टेपा लावून एक आवृत्ती केली, बँडला पटली नाही. दुसरी केली, तीही नाही. (पहिली आवृत्ती अधिकृतपणे बाहेर यायला २०२१ उजाडलं.) तोवर वचनाला तडे जायला सुरुवात झाली होती. ‘लेट इट बी’ गाण्याचा गिटार सोलो आधी एप्रिल १९६९मध्ये आणि मग परत जानेवारी १९७०मध्ये वरून वाजवला गेला. ‘आय मी माइन’ तर १९७०च्या जानेवारीत तिघांनीच रेकॉर्ड केलं. लेनन हजरच नव्हता. मग टेपा निर्माता फिल स्पेक्टरच्या हाती गेल्या. १ एप्रिलला त्याने ॲबी रोडवर ऑर्केस्ट्रा आणि बायकांचा कोरस बोलावला आणि ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर अक्षरशः लग्नाचा मांडव घातला. पियानोपाशी बसून गाणारा एकटा मॅकार्टनी त्या झालरींमागे दिसेनासा झाला. त्याने पुढे भागीदारी मोडण्याच्या खटल्यात ही तक्रारही मांडली.

मे १९७०मध्ये ‘लेट इट बी’ आला. मला सगळ्यात मजा वाटते ती त्याच्या मागच्या बाजूच्या मजकुराची. जिवंत वादनाचा ताजेपणा आणि ऊब, असं तिथे बिनदिक्कत छापलं आहे आणि त्याच दमात स्पेक्टरचं नावही. जुनं वर्णन काढून टाकायचं कोणाला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी टाकवलं नाही.

पण ‘लेट इट बी’च्या २००३च्या ‘नेकेड’ आवृत्तीत ते वचन पूर्ण झालं ना?

मांडव काढला, हे खरं. पण त्या आवृत्तीतलं ‘डोन्ट लेट मी डाउन’ गच्चीवरच्या मैफलीतल्या दोन वेगवेगळ्या वादनांचे तुकडे जोडून केलेलं आहे, आणि सगळा आवाज संगणकावर धुऊनपुसून घेतलेला. ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ तर वेगळ्याच दिवशीचं वादन आहे. नीट ऐकलं तर एका ओळीचे शब्दही बदललेले कळतात. नाव ‘नेकेड’, पण आंघोळ घालून, भांग पाडून.

वर्णन खरं निघालं म्हणजे अल्बम चांगला, असं धरायचं का?

नाही हो. मेटॅलिकाचा ‘सेंट अँगर’ आठवा, जून २००३. आधी सांगितलं होतं, की कच्चा, खरखरीत, रागीट आहे आणि गिटार सोलो नाहीत. सगळंच्या सगळं खरं. सव्वा तासात कर्क हॅमेटचा एक सोलो सापडत नाही, आणि लार्स उलरिकचा स्नेअर ड्रम असा वाजतो, की शेजारच्या गच्चीत कोणी रिकाम्या तेलाच्या डब्यावर राग काढतंय असं वाटावं. स्नेअरच्या खालच्या तारा मोकळ्या सोडल्या की तसा आवाज येतो, आणि बँडला तो आवडला होता. खरं वर्णन ऐकूनही लोकांनी मनात वेगळाच ‘कच्चा’ रंगवला होता. ‘कच्चा’ म्हटल्यावर कोणाला कैरी आठवते, कोणाला कांदा.

‘आम्ही आमच्या जुन्या साउंडकडे परत येतोय’ हे वाक्य दर दोन वर्षांनी ऐकू येतं. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

‘मागचा अल्बम तुम्हाला आवडला नव्हता, हे आम्हाला कळलंय.’ बहुतेक वेळा एवढाच.

पण हे वाक्य खरं निघूनही घोटाळा कसा होतो, ते बघायचं तर ‘सेंट अँगर’च्या पुढचाच अल्बम घ्या, ‘डेथ मॅग्नेटिक’, सप्टेंबर २००८. निर्माता रिक रूबिन. त्याने बँडला सांगितलं होतं, की ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या १९८६च्या अल्बमच्या काळात तुम्ही कुठल्या मनःस्थितीत होता ते आठवा. बँडनेही मुलाखतींतून तेच सांगितलं. आणि गाणी खरोखरच तशी निघाली: सात-आठ मिनिटांची, मध्येच वळणं घेणारी, सोलोंनी भरलेली. ‘द अनफर्गिव्हन’चा तिसरा भागसुद्धा होता. वर्णनाला शंभरपैकी नव्वद गुण द्यायला हरकत नव्हती.

फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मी सीडी हेडफोनवर लावली आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत कान शिणले. आधी वाटलं हेडफोन गेला. मग गाणं संगणकावर ऑडासिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. साधारणपणे गाण्याची लहर सह्याद्रीसारखी दिसते, कुठे सुळका, कुठे खिंड. इथे पडद्यावर वीट होती. वरून सपाट, खालून सपाट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आवाज इतका वर ढकलला होता, की ड्रमचा ठोका वर उसळायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे तो उसळण्याऐवजी चरचरायचा. त्याच सुमारास ही गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिली गेली होती, आणि गेममधल्या आवृत्तीत ही दाबादाबी खूप कमी होती. चाहत्यांनी दोन्ही लहरी शेजारी-शेजारी ठेवल्या, हजारोंनी पुन्हा मिक्सिंग करण्याच्या मागणीवर सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणाऱ्या टेड जेन्सनने तर कळवलं, की माझ्यापर्यंत गाणी आली तेव्हाच ती अशी चेपलेली होती.

एका थोर बँडचा अल्बम गेममधून ऐकलेला बरा, अशी वेळ आली. मुलाखतीत कोणी खोटं बोललं नव्हतं. चाली, लांबी, वळणं यांबद्दल सांगितलेलं सगळं खरं होतं, कारण बँडच्या हातात तेच होतं. आवाजाची पातळी हा विषय मुलाखतीत कोणी काढतच नाही.

म्हणजे संगीतकार ज्या अल्बमबद्दल बोलतो, तो आपल्या हातात येतो त्याहून वेगळाच असतो?

हो, पुष्कळदा. मुलाखत मार्चमधली, अल्बम ऑक्टोबरमधला. मधल्या महिन्यांत गाणी गळतात, नवी येतात, कंपनीचा माणूस म्हणतो रेडिओवर लावण्याजोगं काही नाही.

यू-टूचा ‘नो लाइन ऑन द होरायझन’ हा याचा नमुना. २००७मध्ये बँड मोरोक्कोतल्या फेझ शहरात एका जुन्या हवेलीच्या चौकात जाऊन वाजवत होता. ब्रायन इनो आणि डॅनियल लॅनुआ या वेळी निर्मातेच नव्हे, तर सहलेखकही होते. तेव्हाच्या बातम्या वाचून वाटायचं, की आता धूप, दफ आणि वाळवंट. २००९च्या सुरुवातीला पहिली सिंगल आली ती ‘गेट ऑन युअर बूट्स’, चक्क धावत्या गिटारचं रॉक गाणं. अल्बममध्ये फेझ आहे, पण शोधावं लागतं. ‘अननोन कॉलर’च्या सुरुवातीला पक्ष्यांचा चिवचिवाट येतो, तो तिथलाच. मधली दोन-तीन गाणी मात्र पुढच्या स्टेडियम दौऱ्यावर डोळा ठेवून केल्यासारखी. गायक बोनोने त्याच वर्षी ‘साँग्ज ऑफ असेंट’ नावाचा, यात्रेच्या कल्पनेवरचा, शांत असा जोड-अल्बमही कबूल केला होता. २००९ संपलं, दशक संपलं, दिंडी काही पंढरपूरला पोचली नाही.

त्याच बँडची उलट तऱ्हाही आहे. १९९७च्या ‘पॉप’च्या वेळी अल्बम पुरा व्हायच्या आधीच दौऱ्याच्या तारखा ठरल्या होत्या. नंतर बँडनेच मान्य केलं, की तो अर्धवट राहिला, आणि पुढच्या संकलनासाठी त्यातली काही गाणी नव्याने केली. आता वर्णन कुठल्या ‘पॉप’शी ताडून बघायचं?

तारखेवर विश्वास ठेवावा का?

नाही.

बरं, थोडं सविस्तर. गन्स अँड रोझेसचा ‘चायनीज डेमोक्रसी’ नव्वदच्या दशकात सुरू झाला. तो इतका लांबला, की मार्च २००८मध्ये डॉ. पेपर या शीतपेय कंपनीने जाहीर केलं: यंदा अल्बम आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. (बँड सोडून गेलेल्या स्लॅश आणि बकेटहेड या दोन गिटारवादकांना वगळून!) आणि २३ नोव्हेंबर २००८ला अल्बम खरंच आला. कूपन वाटायला ठेवलेली वेबसाइट गर्दीने कोलमडली आणि बँडचा गायक ॲक्सल रोझच्या वकिलांनी कंपनीला पत्र धाडलं. अल्बमची चर्चा कमी, कॅनची जास्त.

रॅपर डॉ. ड्रेचा ‘डीटॉक्स’ दहा-बारा वर्षं ‘येतोय, येतोय’ होता. २०१५मध्ये त्याने सरळ सांगितलं, की मला तो आवडला नाही म्हणून मी काढला नाही, आणि त्याऐवजी ‘कॉम्प्टन’ काढला. सगळ्या संगीतविश्वातलं हे बहुधा सर्वांत खरं अल्बम-वर्णन असेल, फक्त अल्बम नसताना दिलेलं.

आणि माझे लाडके: माय ब्लडी व्हॅलेंटाइन. ‘लव्हलेस’ १९९१चा. पुढच्या अल्बमचं एकवीस वर्षं नुसतं आश्वासन. जानेवारी २०१३च्या शेवटी लंडनमधल्या कार्यक्रमात बँडच्या केविन शील्ड्सने मंचावरून सांगितलं, दोन-तीन दिवसांत येईल बहुतेक. आला सहाव्या दिवशी. एकवीस वर्षांच्या मानाने तीन दिवसांची चूक मी सोडून देतो.

कव्हर छापून झालं, जाहिरात आली, गाण्यांची यादी ठरली. आता तरी अल्बम येणारच ना?

बीच बॉइजच्या ‘स्माइल’ची चार लाखांवर कव्हरं कॅपिटल कंपनीने छापून ठेवली होती, मागे गाण्यांच्या यादीसकट. बँडचा म्होरक्या ब्रायन विल्सन त्याला देवासाठी रचलेली पोरवयातली सिंफनी म्हणत असे. अल्बम १९६७च्या सुरुवातीला यायचा होता. मे महिन्यात प्रसिद्धीप्रमुख डेरेक टेलरने कळवलं, की तो रद्द झाला. सप्टेंबरमध्ये आला तो ‘स्माइली स्माइल’: तीच काही गाणी, पण घरच्या स्टुडिओत साधेपणाने केलेली. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर मुलाने घरच्या घरी रजिस्टर लग्न करावं, तसं.

विल्सनने ते काम स्वतःच्या नावावर पुरं केलं २००४ साली, आणि मूळ टेपा २०११मध्ये बाहेर आल्या. ऐकल्यावर कळतं, की ‘सिंफनी’ हे त्याचं वर्णन फुशारकी नव्हती. सदतीस वर्षं लवकर केलेलं होतं, इतकंच.

शब्दशः खरं आणि तरी फसवं, असं वर्णन असतं का?

नील यंगने असं एक वर्णन करून दाखवलं. १९८२मध्ये त्याने यंत्रातून काढलेल्या आवाजाचा ‘ट्रान्स’ गेफन कंपनीला दिला. कंपनी हादरली. मग त्याने कंट्री संगीताचा अल्बम आणला, तो नाकारला गेला. आम्हाला रॉक अँड रोल पाहिजे, असं कंपनीने सांगितलं. यंगने ऐकलं. १९८३मध्ये ‘एव्हरीबडीज रॉकिन’ दिला: केस चापूनचोपून बसवलेला, १९५०च्या दशकातला रॉक अँड रोल, सगळा मिळून जेमतेम पंचवीस मिनिटांचा. मागितलं होतं तेच मिळालं! कंपनीने त्याच्यावर तेहतीस लाख डॉलरचा दावा ठोकला. तक्रार अशी, की हे संगीत त्याच्या आधीच्या कामासारखं नाही. म्हणजे नील यंगने नील यंगसारखं गायलं नाही. पुढे डेव्हिड गेफनने त्याची माफी मागितली.

आपल्या शास्त्रीय संगीतात हा प्रकार का नाही?

कारण तिथे वर्णन आधीच नामांत असतं. किशोरीताईंचं ‘सहेला रे’ ऐकायला काढलं तर समोर ‘राग भूप’ आणि ताल. भूप म्हटल्यावर मध्यम आणि निषाद येणार नाहीत, हे ठरलेलं. हे वचन तर कुठल्याच रॉक बँडला इतक्या काटेकोरपणे पाळता आलेलं नाही. तबकडीच्या मागच्या बाजूला स्तुतीपर मजकूर असतो, तो आपण तेव्हाही वाचत नव्हतो.

काहीच न बोलणारे संगीतकार जास्त हुशार म्हणायचे का?

ज्यांना परवडतं त्यांनी गप्प बसावं. रेडिओहेडने १ ऑक्टोबर २००७ला ‘इन रेनबोज’ दहा दिवसांत येतोय एवढंच कळवलं आणि किंमत तुम्हीच ठरवा म्हणाले. बियॉन्सेने १३ डिसेंबर २०१३ला न सांगताच अख्खा अल्बम, व्हिडिओंसकट, टाकला. नवख्या बँडने असं केलं तर अल्बम आला हे त्याच्या आईलाही कळणार नाही.

संगीतकाराऐवजी निर्माता किंवा साथीदार बोलला तर जास्त भरवशाचं का?

निर्मात्याचं ऐकावं. साथीदाराचं, तो स्वतःच्या वाद्याबद्दल बोलत असेल तोवर ऐकावं.

डेव्हिड बोवीने शेवटच्या दोन अल्बमच्या वेळी मुलाखती दिल्याच नाहीत. बोलायचा तो त्याचा जुना निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी. ८ जानेवारी २०१३ला, बोवीच्या सहासष्टाव्या वाढदिवशी, ‘व्हेअर आर वी नाऊ?’ हे संथ, थकलेल्या गळ्याचं गाणं अचानक आलं. लोकांना वाटलं, म्हातारपणाचा हळवा अल्बम येणार. व्हिस्कॉन्टीने बजावलं, की तसं नाही, बाकीचा भरपूर रॉक आहे. मार्चमध्ये ‘द नेक्स्ट डे’ आला तेव्हा तो बरोबर ठरला. पहिल्या गाण्यावरून सगळ्या अल्बमचा अंदाज बांधू नये, हेही जाता जाता कळलं.

मग ‘ब्लॅकस्टार’. २०१५च्या अखेरीस व्हिस्कॉन्टीने सांगितलं, की आम्ही रॅपर केंड्रिक लमार ऐकत होतो, आणि काही करून रॉक अँड रोल टाळायचं ठरलं होतं. वादक न्यूयॉर्कचे जॅझवाले, सॅक्सोफोनवर डॉनी मॅकॅस्लिन. यातला शब्द न् शब्द अल्बमवर ऐकू येतो. मॅकॅस्लिनने मात्र आणखी एक पाऊल टाकलं: शीर्षकगीत आयसिसबद्दल आहे, असं बोवी आपल्याला म्हणाल्याचं त्याने सांगितलं, आणि बोवीच्या माणसांनी ते लगेच नाकारलं. सॅक्सोफोन कसा वाजवला हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसणार. गाणं कशाबद्दल आहे, हे तो सांगोवांगी सांगत होता.

अल्बम ऐकून झाल्यावर जुन्या मुलाखती परत वाचण्यात काही अर्थ आहे का?

खूप. आधी वाचताना आपण काय आहे ते शोधतो, नंतर वाचताना काय गाळलं ते दिसतं. ‘ब्लॅकस्टार’ ८ जानेवारी २०१६ला आला, बोवीच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, शुक्रवारी. शनिवारभर लोक त्यातल्या जॅझबद्दल, ड्रम्सबद्दल, रॉक कसं टाळलंय याबद्दल लिहीत होते. सगळं मुलाखतीत सांगितल्याबरहुकूम. व्हिस्कॉन्टीला त्याच्या कॅन्सरबद्दल ठाऊक होतं, आणि तो त्याबद्दल अक्षर बोलला नव्हता. रविवारी बोवी गेला. सोमवारी मी त्यातलं ‘लॅझरस’ परत लावलं, आणि दोन दिवसांपूर्वी ऐकलेलं गाणं ते नव्हतंच.